गॉजचा दहावा तुकडा

सिस्टर निवृत्त झाल्या हे हॉस्पिटलला कळून दोन वर्षं झाली होती. त्यांच्या हातांना मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर चमचे ठेवायचे म्हटलं तरी त्या मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने, सगळ्यांची तोंडं एका बाजूला करून ठेवायच्या. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात हत्यारं देण्यात गेली. आता देणार कुणाच्या हातात? घरात माणसं दोन. एक त्या आणि दुसरी त्यांची वहिनी. भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला, भाची लग्न होऊन लांब गेली, आणि मागे राहिलेल्या नणंद-भावजय एका छपराखाली एकमेकींना सांभाळू लागल्या. आख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. वहिनी तेवढ्या 'वन्सं' म्हणायच्या, आणि रागावल्या की 'सिस्टरबाई'.

वहिनी चित्रं काढायच्या. फार मोठ्या चित्रकार वगैरे नव्हेत. शाळेत पोरांना चित्रकला शिकवण्यात जन्म गेला, आणि त्यातून जो काही रंग उरला तो त्या स्वतःसाठी वापरत. पण एक नेम होता. दरवर्षी थंडी ओसरली की नदीकाठच्या पंपघराजवळ जायचं, एका ठरलेल्या दगडावर बसायचं आणि समोरच्या सहा निलगिरींचं चित्र काढायचं. तीच झाडं, तोच दगड, अठरा वर्षं. ती अठरा चित्रं घराच्या पॅसेजमध्ये ओळीने टांगलेली होती. पहिल्या चित्रात झाडं कॉलेजातल्या पोरांसारखी शेलाटी दिसत होती. अठराव्यात त्यांना चांगली पोटं सुटली होती. एक चित्र टांगलं की वहिनी लगेच शेजारी पुढच्या वर्षाचा खिळा ठोकून ठेवायच्या. म्हणायच्या, "खिळा असला की आळस करता येत नाही. रोज येता-जाता टोचतो."

एकोणिसाव्या चित्राचा खिळा वर्षभर रिकामा होता. आणि शनिवारी सकाळी पंपवाल्याचा फोन आला. रस्ता रुंद करायचा आहे, सहाही झाडांवर फुल्या मारून गेलेत, सोमवारी करवती येणार. "ताई, यायचं तर उद्या या. नंतर येऊन बुंधे बघायचे असतील तर कधीही या."

वहिनींनी फोन ठेवला. मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "म्हणजे एकोणिसावं काढलं तर शेवटचं."

"काढलं तर म्हणजे? काढायचंच," सिस्टर म्हणाल्या. "मी येते तुझ्याबरोबर."

ह्या येण्याला कारण होतं. गेल्या वर्षी अठरावं चित्र काढून परतताना वहिनी नदीच्या उतारावर घसरल्या होत्या. चित्र वाचलं, उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी आणि पाच स्क्रू बसवावे लागले. दोष कुणाचा, तर पिशवीचा, असं सिस्टरांचं ठाम मत होतं. ती पिशवी म्हणजे काय वर्णावी! झाकणं हरवलेल्या रंगांच्या ट्यूबा, भावाच्या जुन्या बनियनचं फडकं, पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक गळकी, कधीकाळचं बिस्किट आणि छत्रीची एक सुटी काडी. ती काडी कशाला लागते हे वहिनींनाही सांगता यायचं नाही. असलं धूड एका खांद्यावर टाकून बाई उतार उतरणार आणि धडपडणार नाही तर काय होईल?

"मग पिशवीही तुम्हीच भरा, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "मी जरा पडते."

हल्ली वहिनी रोज दुपारी दार लावून पडायच्या. ह्यापूर्वी त्या दुपारी कधी झोपत नसत. कप दोन्ही हातांनी धरायची सवयही नवीनच होती. सिस्टरांना हे सगळं दिसत होतं, पण आपल्याच घरात वावरताना नर्सचे डोळेसुद्धा जरा ढिले पडतात. शिवाय त्या क्षणी त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की ही तयारी तुम्ही करा. आनंदाने त्यांचे हात शिवशिवायला लागले.

त्यांनी टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि पिशवी उलटी केली. फेकायचं ते फेकलं. ट्यूबांना बाटल्यांची रबरी बुचं शोधून बसवली. निवृत्तीच्या दिवशी मेट्रनने आठवण म्हणून दिलेलं थिएटरचं हिरवं कापड कपाटात होतं, त्याला उभ्या शिलाया मारून खिसे केले. ज्या क्रमाने वस्तू लागतील त्या क्रमाने खिसे. आधी पेन्सिल, मग खोडरबर, मग मोठा ब्रश, मग त्याहून लहान. कापड पसरलं की सगळं हाताशी, गुंडाळलं की काखेत मावेल एवढं. वहिनींच्या खांद्यावर ओझं म्हणून काही राहणार नव्हतं.

मग त्या ब्रशांकडे वळल्या. सात होते. प्रत्येकाच्या मुळाशी वर्षानुवर्षांचा रंग मातीसारखा साठलेला. सिस्टरांच्या अंगावर काटा आला. असलं हत्यार त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलं असतं, तर डॉक्टरांनी त्यांना थिएटरबाहेर उभं केलं असतं. त्यांनी मोठं पातेलं गॅसवर चढवलं. नोकरीच्या सुरुवातीला, यंत्रं यायच्या आधी, हत्यारं अशीच तयार व्हायची. पाण्याला खळखळून उकळी आली की आत टाकायची आणि घड्याळ लावून वीस मिनिटं. शेजारच्या बर्नरवर उद्यासाठी अंडी उकडत होती, इकडे ब्रश उकडत होते. बाई खुशीत होत्या.

वीस मिनिटांनी ब्रश काढले. पांढरेशुभ्र. ओले होते तोवरच प्रत्येकाच्या डोक्याला बँडेजची पट्टी घट्ट गुंडाळली, म्हणजे केस वाकडे होणार नाहीत. शेवटी आपला स्वतःचा प्रथमोपचाराचा डबा भरला. वहिनी पुन्हा पडली तर? कापूस, आयोडिन, सिरिंज, जीभ दाबून घसा बघायच्या लाकडी पट्ट्या, लांब चिमटा आणि गॉजचे, म्हणजे जखमेवर ठेवतात त्या जाळीदार कापडाचे, घडी घातलेले दहा तुकडे.

आणि सगळं मोजून कागदावर लिहिलं. ह्या मोजण्याला त्यांच्या धंद्यात काउंट म्हणतात. ऑपरेशनच्या आधी सगळं मोजायचं आणि टाके घालून पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचं, म्हणजे आत काही राहत नाही. सिस्टर 'काउंट बरोबर' म्हणाल्याशिवाय डॉक्टरने सुईला हात लावायचा नाही. एकदा एक गॉज कमी भरला, तर सिस्टरांनी एका बड्या सर्जनला चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. तो गॉज अखेर सर्जनच्याच बुटाच्या तळव्याला चिकटलेला सापडला. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही खोटं 'काउंट बरोबर' म्हटलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्या स्वतःबद्दल अभिमानाने सांगायच्या.

रविवारी सकाळी पहिल्या बसने दोघी नदीकाठी पोचल्या. झाडं उभी होती. सहाही बुंध्यांवर छातीइतक्या उंचीवर लाल फुल्या होत्या. साल सोलून लोंबत होती आणि हवेत निलगिरीचा तो सर्दीच्या औषधाचा वास होता. पंपवाल्याने आतून सिस्टरांसाठी स्टूल आणून दिलं. हिरव्या कापडाकडे आणि डब्याकडे बघून म्हणाला, "ऑपरेशन कुणाचं आहे?"

"तुमच्या झाडांचं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बसा."

तो हसत पंपघरात गेला. वहिनी आपल्या दगडावर बसल्या, मांडीवर कागद चिकटवलेली फळी घेतली. सिस्टर सवयीने त्यांच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या आणि कापड पसरलं. ते खिसे, ती ओळ, त्या बुचं लावलेल्या ट्यूबा बघून वहिनींचा चेहरा बदलला.

"वन्सं, हे कधी केलंत?"

"बोलू नकोस. माग काय हवं ते."

"पेन्सिल."

पेन्सिल तळहातावर पट्कन बसली. कुणीतरी हात पुढे करावा आणि आपण नेमकी हवी ती वस्तू त्यात ठेवावी, ह्यातलं सुख सिस्टर विसरूनच गेल्या होत्या. वहिनींची पेन्सिल दोनदा हातातून निसटली. "थंडीने बोटं आखडलीत," त्या म्हणाल्या. रेघा जरा जाड आणि हलत्या आल्या, पण सहा बुंधे आणि पंपघराचं छप्पर कागदावर उभं राहिलं.

"मोठा ब्रश."

सिस्टरांनी पट्टी सोडली आणि ब्रश दिला. वहिनींनी निळा रंग भरपूर पाण्यात कालवला आणि आभाळाचा पहिला पट्टा ओढला. पट्टा आला, आणि त्याच्यामागे ब्रशचे निम्मे केसही आले. ओल्या आभाळात दाढी केल्यासारखे केस पसरले. वहिनींनी ब्रश झटकला, तर उरलेले गवतात पडले. हातात नुसती दांडी.

"दुसरा द्या."

दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याचे केस तर पट्टी सोडतानाच पट्टीबरोबर गेले. सिस्टर एकेक पट्टी सोडत गेल्या आणि सातही ब्रश टकले निघाले.

"वन्सं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही ह्यांचं काय केलंत?"

"उकळले."

"किती?"

"वीस मिनिटं. नियमाप्रमाणे."

"केस डिंकाने चिकटवलेले असतात हो आत. सगळा डिंक सुटला." वहिनींनी दांडी गवतात टाकली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला, सिस्टरबाई? पिशवी भरा म्हटलं होतं. उकळा म्हटलं होतं? आज रविवार, दुकानं बंद. उद्या झाडं नाहीत. अठरा वर्षं घाणेरड्या ब्रशांनी काढली चित्रं, एकही झाड आजारी पडलं नाही." त्या उठल्या आणि पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "तो खिळा आता तसाच राहणार."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सिस्टरांना झालं. चौतीस वर्षं डोळ्यात तेल घालून काम केलं, त्यात हजारो लोक टेबलावरून धडधाकट उठून घरी गेले, आणि इथे ज्या एका बाईसाठी जीव टाकायचा तिचं एकुलतं एक काम आपण मातीत घातलं. निवृत्त झालेल्या माणसाने निमूट भाजी निवडत बसावं. मोठेपणा मिरवायला कुणी सांगितलं होतं? डोळ्यांत पाणी आलं, पण थिएटरात रडायची सवय नव्हती. तिथे काही बिघडलं की रडायचं नसतं, ट्रेवर दुसरं काय आहे ते बघायचं असतं.

त्यांनी आपला डबा उघडला. लांब चिमटा काढला. त्याला कात्रीसारख्या दोन कड्या असतात आणि कड्यांच्या वर दात. एकदा दाबला की 'कट्ट' करून अडकतो आणि आपण सोडवेपर्यंत सुटत नाही. गॉजचा एक तुकडा चौघडी करून त्यांनी त्याच्या चोचीत पकडला. आणि वहिनींजवळ जाऊन, कड्या त्यांच्या बाजूला करून चिमटा पुढे धरला.

वहिनींनी मागे वळून बघितलं. चिमटा घेतला, तो केवळ कुणी पुढे केलेली वस्तू घ्यायची म्हणून. बोटं कड्यांत गेली. त्यांनी तो हवेत जरासा फिरवला. मग मनगट वळवून पुन्हा फिरवला. दगडावर येऊन बसल्या, गॉज पाण्यात बुडवला, निळ्यात टेकवला आणि आभाळावरून एक लांब हात फिरवला. आधीचे सांडलेले केस गॉजने टिपून घेतले. आभाळ स्वच्छ, ओलं, एका दमात उतरलं.

वहिनी थांबल्या. त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं.

"वहिनी, मनगट दुखतंय का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तेच तर. दुखत नाहीये."

मग सगळं बाहेर आलं. पट्टी बसवल्यापासून चिमटीत बारीक काही धरलं की मनगटात कळ येत होती आणि बोटं आपोआप सुटत होती. कप म्हणून दोन हातांनी. दुपारी दार लावून पडायच्या म्हणजे पडत नव्हत्याच. ब्रश धरून बघायच्या. ब्रश पडायचा. आठ महिने रोज तेच.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतं, आणि त्यांनी पुन्हा कापलं असतं. आणि खरं सांगू? बोललं की ते खरं झालं असतं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आज मी चित्र काढायला आलेच नव्हते, वन्सं. झाडांना भेटायला आले होते. चित्र होणार नाही हे मला घरूनच माहीत होतं. ब्रशांचे केस गेले ना, तेव्हा पहिल्यांदा मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटले. आता चित्र झालं नाही ते वन्संमुळे, माझ्या हातामुळे नाही. मी रागावले ते सगळं लटकं होतं. आयुष्यभर तुमच्या माथी मारलं असतं मी हे, आणि तुम्हीही मुकाट्याने ऐकून घेतलं असतंत."

सिस्टरांना रागवावं की हसावं कळेना. "चांगलीच आहेस की तू," त्या म्हणाल्या.

"आहेच मी. पण ह्याला धरावं लागत नाही हो. हाच धरून ठेवतो." वहिनींनी चिमटा उघडला आणि पुन्हा 'कट्ट' करून बंद केला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? सात ब्रश मारले तुझे. आता वेळ घालवू नकोस, ऊन वर येतंय. माग काय हवं ते."

आणि मग दोघींनी मिळून जे काम केलं, त्याला चित्रकला म्हणावं की शस्त्रक्रिया, हे पंपवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. "गॉज." "हा घे." "कापूस, छोटा." "हा." पानांचे झुबके कापसाच्या बोळ्यांनी उमटले. नदीचं पाणी सिरिंजमधून थेंब थेंब सोडून वाहवलं. पंपघराच्या छपराची कड लाकडी पट्टीने ओढली. वहिनी मागायच्या आधीच वस्तू हातात पडू लागली, कारण सिस्टरांचे डोळे आता वहिनींच्या डोळ्यांकडे होते. डॉक्टर कुठे बघतोय त्यावरून त्याला पुढे काय लागणार हे ओळखायचं असतं. अधूनमधून चिमट्याच्या चोचीतला गॉज बदलायचा, वापरलेला धुऊन दगडावर वाळत टाकायचा. मध्ये पंपवाल्याने चहा आणून दिला, तो गार होऊन गेला.

"त्या फुल्या काढणार?" सिस्टरांनी विचारलं.

वहिनींनी झाडांकडे बघितलं. "नाही. त्या रस्तावाल्यांच्या आहेत, झाडांच्या नाहीत."

दुपारपर्यंत चित्र झालं. पॅसेजमधल्या अठरांपेक्षा ते वेगळंच होतं. बारीकसारीक काही नव्हतं, पान न् पान मोजता येत नव्हतं. पण झाडं अशी उभी होती की त्यांच्याखाली जाऊन बसावंसं वाटावं. वहिनी ते हातभर लांब धरून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. सिस्टर बघत होत्या वहिनींकडे. गेल्या वर्षभरात हा चेहरा त्यांनी बघितला नव्हता, आणि वर्षभर तो नव्हता हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याला आज इथे येता आलं, आपला डबा बरोबर होता, कुणाचा तरी हात आपल्यासमोर पसरला गेला, ह्याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते त्यांना कळेना. त्यांनी सहाही झाडांकडे एकदा बघून घेतलं आणि मनातल्या मनात त्यांचेच मानले.

मग बांधाबांध. सिस्टरांनी कागद काढला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. पेन्सिल एक, आहे. खोडरबर एक, आहे. ट्यूबा बारा. ब्रश सात, टकले का असेनात, पण सात. चिमटा एक. सिरिंज एक. गॉज दहा.

गॉज नऊ भरले.

त्यांनी पुन्हा मोजले. नऊ. दगडाखाली बघितलं, गवतात बघितलं, स्टूल उलटं केलं. पंपवाल्याला दोन्ही चपला वर करून दाखवायला लावल्या. आपल्या तळव्यांना काही चिकटलंय का तेही बघितलं.

"वन्सं, बस निघून जाईल," वहिनी म्हणाल्या.

"जाऊ दे. एक कमी आहे."

"नाहीये कमी. इथे आहे."

वहिनींनी चित्र पुढे केलं. तिसऱ्या झाडाच्या बुंध्यावर, जिथे साल सुटून लोंबते, तिथे गॉजचा एक तुकडा पातळ उलगडून ओल्या रंगात दाबून बसवला होता. रंग पिऊन तो वाळला होता. त्याची जाळी थेट निलगिरीच्या सालीसारखी दिसत होती. इतका वेळ जवळ उभं राहूनही सिस्टरांना ते कळलं नव्हतं.

"तुम्ही चहाचं भांडं परत द्यायला गेलात तेव्हा लावला," वहिनी म्हणाल्या. "काढू का? ओला केला की निघेल अजून."

आत राहिलेला गॉज म्हणजे काय, हे सिस्टरांना कुणी सांगायला नको होतं. त्या भीतीवर त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी चित्र जवळ घेतलं, तिसऱ्या झाडावरून एकदा बोट फिरवलं आणि वहिनींना परत दिलं. मग हातातल्या कागदाची नीट घडी घातली.

"काउंट बरोबर," त्या म्हणाल्या. "बंद कर."